सही माझी, पोट मायचं

मागल्या महिन्यात विहारात अभ्यासवर्ग झाला. विषय होता 'शिका'. पोरं भरभरून बोलली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा, वस्तीतला पहिला पदवीधर. एकजण उभा राहून म्हणाला, आपल्या आज्याचा अंगठा होता, आपली सही झाली, ही बाबासाहेबांची क्रांती. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. मला माझीच एक सही आठवत होती. ती सही आज तुमच्यापुढं ठेवतो, कारण तिच्यातून उभा राहणारा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

२०१७ साल. दसरा तोंडावर आला होता. मुकादमाची उचल घरात आलेली, टोळी निघायला पंधरा-वीस दिवस राहिलेले. मायच्या अंगावरून कधीपासून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, पाळीत कपडा पुरायचा नाही. माय तेव्हा सदतीस वर्षांची. तालुक्याच्या गावाला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मशीनवर पोट बघितलं आणि म्हणाला, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. काढून टाका." हे तो माझ्याकडं बघून म्हणाला. माय समोरच होती, तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

बापाला सही येत नाही. मला येते. आठवीत शाळा सुटली, पण पुढं विहारातली पुस्तकं वाचून वाचून मी शिकलो. तेव्हा माझी एक कविताही छापून आली होती. नर्सनं कागद पुढं केला. कागद इंग्रजीत होता. मला तो वाचता येत नव्हता. पण वाचता येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. खिशाला पेन होतं. मी ऐटीत सही ठोकली. माय बाकावर पदर दाबून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरनं नाही, नर्सनं नाही, बापानं नाही. आणि शिकलेल्या लेकानंही नाही.

पस्तीस हजार गेले. उचलीतलेच. महिनाभरानं ती फडात उभी होती.

पुढं तिला रात्री झोप लागेना. "अंगातून वाफा निघत्यात रं" म्हणायची. थंडीतही पदरानं वारा घ्यायची. हाडं दुखायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या बाईला आम्ही घरचे लोक म्हातारी म्हणत होतो! २०२२ साली तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं जुने कागद वाचले. मग केसपेपर उलटा केला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चित्र काढलं. ही पिशवी. हिच्या दोन बाजूंना ही दोन अंडाशयं. ती म्हणाली, "मावशी, तुमची पिशवी काढली तेव्हा ही दोन्ही पण काढलीत. शरीराला लागणारा रस त्यांच्यातून पाझरत होता. तो एकदम बंद झाला. म्हणून वाफा निघतात, म्हणून हाडं दुखतात." पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं, ते पुष्कळदा गोळ्यांनी बरं होतं, हेही तिनं सांगितलं. जुन्या रिपोर्टमध्ये कॅन्सरची खूण कुठंच लिहिलेली नव्हती. एवढं सगळं सांगायला तिला दहा मिनिटं लागली. बाहेर रांग होती, तरी दहा मिनिटं.

माय चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच व्हतं, तर मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

डॉक्टरीण गप्प. मी पण गप्प. मित्रहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर शोधायची माझी धडपड आहे.

पहिलं उत्तर आपल्याला पाठ आहे. "त्या अडाणी बायांना काय कळतंय?" पण माझ्या मायला अक्षर ओळख नाही, तरी चित्र कळलं. नुसतं कळलं नाही, तिनं त्याच्यावर असा प्रश्न विचारला की शिकलेल्या दोघांची तोंडं बंद झाली. म्हणजे गोष्ट अवघड होती म्हणून सांगितली नाही, हे खोटं. आणि 'यांना काय कळतंय' हे वाक्य आपल्याला नवं आहे का? हजारो वर्षं हेच वाक्य आपल्या तोंडावर फेकलं गेलं. आधी ज्ञानाच्या दारापासून हाकलायचं, मग म्हणायचं यांना ज्ञान नाही. आज तेच वाक्य दवाखान्याच्या टेबलामागून येतं आणि आपण मान डोलावतो.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाला म्हणाले, नाना जातींचे लोक तुमचं वचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, आपण ते छांदस भाषेत बांधून टाकू. बुद्धानं त्यांना झापलं आणि सांगितलं, लोकांनी ते आपापल्या बोलीतच शिकावं. आणि महापरिनिब्बान सुत्तात, देह थकलेला असताना तो आनंदाला म्हणाला की मी शिकवताना आचार्याची बंद मूठ ठेवली नाही, आत एक बाहेर एक असं काही राखलं नाही. ह्या दोन गोष्टी मी दवाखान्याच्या दारावर लिहून लावीन. दुसऱ्याच्या जगण्यामरण्याचं ज्ञान ज्याच्याजवळ आहे, त्यानं ते समोरच्याच्या बोलीत सांगावं. मूठ बंद ठेवणं हा नुसता स्वभावाचा दोष नाही. ते समोरच्याला माणूस न मानणं आहे.

बोलीचंच बघा. गर्भाशयाला आपल्याकडं पिशवी म्हणतात. भाजीची पिशवी, सिमेंटची पिशवी. रिकामी झाली की घडी करा नाहीतर फेकून द्या. पोरं झाली, पिशवीचं काम संपलं, आता कशाला ठेवता, असं सांगणं ह्या शब्दामुळं किती सोपं होतं! शब्द बायकांचाच आहे, पण त्याचा फायदा उठवतो दुसराच. उलट बाजूनं बायकांजवळ दुखण्याचे स्वतःचे शब्द आहेत. अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, कंबर धरणं. हे शब्द ज्याला कळत नाहीत तो डॉक्टर त्या भाषेत अडाणीच आहे. पण त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

१९८९ साली गडचिरोलीच्या राणी आणि अभय बंग या डॉक्टर जोडप्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली, तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कसला ना कसला त्रास निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे बाकीच्या बायका दुखणं अंगावर घेऊन रोज शेतात जात होत्या, स्वैपाक करत होत्या, नवऱ्याशेजारी निजत होत्या, आणि कुणालाच पत्ता नव्हता. पत्ता नव्हता म्हणायचं, की कुणी विचारलंच नव्हतं म्हणायचं?

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९९५ साली दिल्लीत एक ४४ वर्षांची अविवाहित बाई रक्तस्राव थांबत नाही म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीनं नुसती तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि तिचं गर्भाशय, अंडाशयं, सगळं काढून टाकलं. बाई कोर्टात गेली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे. जीव वाचवायची घाई नसेल आणि बाई शुद्धीवर आल्यावर स्वतः सांगू शकत असेल, तर आईची सहीसुद्धा चालत नाही. ऑपरेशन कसलं, त्यात धोका काय, दुसरा उपाय कोणता, नाही केलं तर काय होईल, हे पेशंटला सांगून घेतलेली संमती तीच खरी. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये आणि डॉक्टरची फी माफ. तेरा वर्षांनी.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या हाताला कापरं भरलं. आईची सही लेकीसाठी चालत नाही, तर लेकाची आईसाठी कशी चालेल? माय शुद्धीत होती. चार हातांवर बसली होती. मी जे केलं त्याला आपण घरात काळजी म्हणतो. कायद्याच्या नजरेनं बघितलं तर दुसऱ्याच्या अंगावर चाललेल्या सुरीला मी परवानगी देत होतो, आणि ती द्यायचा मला अधिकारच नव्हता.

आता तुमच्यातला एखादा कॉम्रेड म्हणेल, गड्या, तू नुसता सही-सही करतोस, भाकरीचं काय? बरोबर आहे. बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ साली देशभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा बायांत एक! देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. का झालं असं? नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. एक दिवस खाडा पडला तर दंड. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पाणी नाही, कोपीत पाळीचा कपडा धुवायची सोय नाही. आणि उचल तर आधीच खर्च झालेली. अशा बाईला डॉक्टर म्हणतो, काढून टाक, कटकट जाईल. ती हो म्हणते. कारण पाळी ही तिच्या धंद्यात खरंच कटकट करून ठेवलेली आहे.

मग खरा अवघड प्रश्न असा. माझ्या मायला २०१७ साली सगळं समजावून सांगितलं असतं, तरी ती काय करणार होती? उचल फिटायची होती. कदाचित तिनं हेच म्हटलं असतं, काढा एकदाची. मग सांगून न सांगून फरक काय? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ?

ह्या प्रश्नानं मला पुष्कळ छळलं. रात्रपाळीत साच्यांमधून फिरताना मी त्याच्याशी भांडत होतो. मला उत्तर सापडलं ते असं. संमतीला दोन पाय आहेत. एक कळणं, दुसरा नाही म्हणता येणं. उचल, खाडा, कोपी ही दुसरा पाय तोडतात. डॉक्टरची बंद मूठ पहिला तोडते. दुसरा तुटलाय म्हणून पहिलाही तोडा, हा न्याय कुठला? आणि दुसरा पाय परत मिळवायचा तर लढावं लागतं, आणि लढायला आधी काय हिरावलं गेलंय ते कळावं लागतं. माय पाच वर्षं म्हातारपणाला दोष देत होती. स्वतःच्या नशिबाला देत होती. जिला कळलेलंच नाही ती कुणाशी भांडणार? म्हणून तर सांगत नाहीत. न सांगण्यानं दुखणं वाढतं ते वाढतंच, शिवाय गुन्ह्याचा मागमूस पुसला जातो.

दुसरी शंका. सगळे डॉक्टर चोर आहेत का? नाहीत. केसपेपर उलटा करणारी ती डॉक्टरीणही डॉक्टरच होती. गर्भाशय काढल्यानं जीव वाचलेल्या बायाही आहेत. कॅन्सर खरंच झाला असेल तर मी स्वतः पळत नेईन. पण चांगल्या औषधालाही न सांगण्याचा रोग लागतो. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची लस हजारो मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये कित्येक आदिवासी, दलित मुली वसतिगृहातल्या होत्या. त्यांच्या आईबापांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या. पुढं काही मुली दगावल्या. त्या बहुधा लसीनं दगावल्या नाहीत असं चौकशीत निघालं, पण २०१० साली सरकारला प्रकल्प थांबवावा लागला. २०१३ साली संसदीय समितीनं ह्या सह्यांच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. जगभर ती कॅन्सर टाळते. पण ज्यांना विचारलं नाही त्यांनी तिच्यावर विश्वास का ठेवावा? आज वस्तीत लस म्हटलं की बाया दार लावून घेतात. त्यांना अंधश्रद्धाळू म्हणण्याआधी त्या सह्या आठवा.

आता आपल्याकडं वळतो. हे लिहिताना मला जास्त जड जातंय.

१८५५ साली सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. त्यात तिनं आपल्या बायकांच्या बाळंतपणाचं लिहिलंय. डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात बाळंत होतात, रोग झाला तर वैद्याला पैसा कुठला. आपल्या लिहिण्याच्या सुरुवातीलाच बाईचं पोट आहे. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्या'वर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तयार केला बाबासाहेबांनी, मांडला पी. जे. रोहम यांनी. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर काय झालं असतं, हा सवाल त्यांनी भर सभागृहात टाकायला लावला. ठराव पडला. पण बाईच्या शरीराचं ज्ञान ही सार्वजनिक गोष्ट आहे, कुजबुजीची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि आपण? आपल्या किती अभ्यासवर्गांत गर्भाशय हा शब्द उच्चारला गेला? मनुस्मृती जाळल्याचं आपण दरवर्षी बोलतो. आणि घरात माय चार दिवस बाजूला बसते तेव्हा आपण ताट सरकवून देतो. गिरणीत शिफ्टला आम्ही पाळी म्हणतो. रात्रपाळी, दिवसपाळी, बदली पाळी, दिवसात पन्नास वेळा हा शब्द तोंडात येतो. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निघाला की मोठमोठे विद्रोही खाली बघतात. मीही त्यातलाच. मी तिच्या दुखण्यावर सही केली, पण 'माय, तुला नक्की काय होतंय' हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. डॉक्टरची मूठ बंद होती. माझे कान बंद होते. व्यवस्थेला शिव्या द्यायच्या तर दोन्हींना द्याव्या लागतील.

गिरणीत नवा पोरगा मशीनवर आला की जॉबर त्याला सगळ्यात आधी बंद करायचं बटण दाखवतो. धागा नंतर, उत्पादन नंतर. पोराचं एक बोट जाऊ नये म्हणून एवढी रीत. आपल्या बायांना असं बटण कुणी दाखवायचं? मी म्हणतो, आपण सुरुवात करू. एका कागदावर मराठीत चार प्रश्न छापू. मला काय झालंय? तुम्ही काय करणार, कशासाठी? दुसरा उपाय आहे का? नाही केलं तर काय होईल? हा कागद प्रत्येक वस्तीत, प्रत्येक टोळीत जाऊ दे. सही मागतील तो कागद मराठीत मागायचा, नाहीतर वाचून समजावून घ्यायचा. २०२१ च्या नियमांप्रमाणं महाराष्ट्रातल्या खाजगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती लागलीय का बघायचं, नसेल तर विचारायचं. बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी लागू लागली, ती आरडाओरड झाली म्हणूनच.

आणि एक. बाईबरोबर दवाखान्यात गेलो की आपण पोरांनी एक पाऊल मागं उभं राहायचं. डॉक्टर आपल्याकडं बघून बोलू लागला तर म्हणायचं, साहेब, पेशंट ह्या आहेत, ह्यांच्याशी बोला. वस्तीतल्या आशाताईला, नर्सताईला अभ्यासवर्गात बोलवायचं. तिनं चित्र काढून शिकवायचं आणि आपण खाली बसून शिकायचं. बायांनी प्रश्न विचारायचे, आपण हसायचं नाही, उठून जायचं नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी मायला विचारलं, तुझ्या दुखण्याचं लिहू का. तिनं विचारलं, काय लिहिणार? मी सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं थांबवलं आणि ते मी काढून टाकलं. सहीपाशी आल्यावर ती म्हणाली, "तू तवा लहान व्हतास रं." मी एकोणीस वर्षांचा होतो. मग थोड्या वेळानं म्हणाली, "लिही. पन बायांना बी वाचून दाखीव. नुस्तं पोरांना नगं."

म्हणून हा अंक हातात पडला की घरी न्या. मोठ्यानं वाचा.

जयभीम.